कडता

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी वीस किलोचं एक लोखंडी वजन पडलेलं असतं. वर धरायला कडी, खाली एका भोकात शिसं ओतून बुजवलेलं, आणि त्या शिशावर वजनमापे खात्याचे शिक्के. एकावर एक इतके शिक्के पडलेत की कुठल्याच सालाचा आकडा आता धड वाचता येत नाही. वारा सुटला की दार त्या वजनावर येऊन आपटतं आणि तिथंच थांबतं.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, परभणीच्या मोंढ्यात मापाडी होते. इलेक्ट्रॉनिक काटे यायच्या आधीची गोष्ट. तीन बल्ल्या वर एकत्र बांधून त्यांना काटा टांगलेला असायचा. एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात पोतं. सुगीत मोंढ्यात पाय ठेवायला जागा नसायची. ज्वारी, तूर, मूग, करडई. बैलगाड्या रात्रीच येऊन लागलेल्या असत आणि गाडीखाली माणसं झोपलेली. शाळा सुटली की मी दप्तरासकट तिकडं जायचे आणि रिकाम्या बारदान्याच्या थप्पीवर बसायचे. अण्णा मोजणी मोठ्यानं करत. पहिल्या पोत्याला ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत. लाभ, दोन, तीन, चार. तो आवाज अजूनही कानात आहे.

पण मला जास्त आठवतं ते मोजणी सुरू व्हायच्या आधीचं. सकाळी काटा टांगला की अण्णा दोन्ही पारड्यांत वीस-वीसची वजनं टाकत आणि काटा मधोमध थांबतो का ते बघत. मग वजनांची अदलाबदल करून पुन्हा बघत. काट्याचा एक हात दुसऱ्यापेक्षा किंचित लांब असेल किंवा एक पारडं जड असेल तर या अदलाबदलीत ते उघडं पडतं. शेतकरी उभा, व्यापारी उभा, हमाल पोत्याला हात लावून उभा, आणि अण्णा मात्र वजनाला वजन तोलत बसलेले. कोणी घाई केली तर म्हणायचे, “ज्याचं वजन ठाव हाय तेच ह्याला नीट सांगता येईना, तर ठाव नसलेलं कसं सांगंल?”

हे वाक्य पुढं चाळीस वर्षांनी मला न्यूट्रिनो नावाच्या, जवळजवळ कशातच न अडकणाऱ्या सूक्ष्म कणांवरच्या एका शोधनिबंधात भेटलं.

त्याआधी कडता सांगायला हवा, कारण सगळी गोष्ट तिथंच अडकलेली आहे. पोत्याचं जे वजन भरतं त्यातून काही वजा करायची मोंढ्यात रीत होती. बारदान्याचं वजन, मालातलं मातेरं, माल वाळून होणारी घट, उचलताना-ओतताना सांडलेले दाणे, या सगळ्यांपोटी पोत्यामागं ठरावीक किलो कापायचे. त्याला कडता म्हणतात. कापणं चूक नव्हे, कारण बारदान्याला वजन असतंच आणि मातेरंही असतं. प्रश्न एवढाच असतो की किती कापायचं आणि ते कोणी ठरवायचं.

एका साली तुरीच्या हंगामात एका आडत्यानं पोत्यामागं दोन किलो कडता लावला. शेतकरी पूर्णेच्या काठच्या एका खेड्यातला, अकरा पोती घेऊन आलेला. अण्णांनी विचारलं, “दोन कशाच्या हिशेबानं?” उत्तर आलं, रीत आहे. अण्णांनी काटा थांबवला. एक रिकामं पोतं तोललं. एका पोत्यातली तूर चाळून मातेरं वेगळं काढलं आणि ते तोललं. मग खराटा मागवला, काट्याखालची जागा झाडली आणि सांडलेले दाणे गोळा करून तेही पारड्यात टाकले. मी थप्पीवरून बघत होते. सगळं मिळून पोत्यामागं सव्वा किलो भरलं. अकरा पोत्यांवर सव्वाआठ किलो तूर शेतकऱ्याच्या पदरात परत आली. त्या आडतीवरचं काम त्यानंतर पूर्ण हंगामभर अण्णांना मिळालं नाही. घरात त्या दिवाळीला नवे कपडे आले नाहीत, आणि का आले नाहीत हे आम्हा तिघा भावंडांना ठाऊक होतं.

आता न्यूट्रिनोंकडं येते.

न्यूट्रिनोचा जन्मच मुळी तुटीच्या हिशेबातून झाला. किरणोत्सारी अणुकेंद्रकातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो तेव्हा ऊर्जेचा जमाखर्च जुळत नव्हता. जेवढी ऊर्जा निघायला हवी तेवढी इलेक्ट्रॉनकडं सापडत नव्हती, आणि दर वेळी वेगळीच कमी पडायची. नील्स बोर यांच्यासारखा माणूसही तेव्हा ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियमच या पातळीवर सोडून द्यायला तयार झाला होता. 1930 साली वोल्फगांग पाउली यांनी उलटा विचार मांडला की नियम बरोबर आहे, उरलेला माल कोणीतरी न दिसणारा उचलून नेतोय. तो न दिसणारा कण प्रत्यक्ष सापडायला 1956 साल उजाडलं. सूर्याकडून येणारे साडेसहा हजार कोटी न्यूट्रिनो दर सेकंदाला अंगठ्याच्या नखातून आरपार जातात, आणि उभ्या आयुष्यात त्यातला एकही नखात अडकत नाही.

आपल्या देशाचंही इथं नाव आहे. वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो जगात पहिल्यांदा ज्या दोन ठिकाणी टिपले गेले त्यातलं एक म्हणजे कोलारची सोन्याची खाण. साल 1965, जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली माणसं आणि त्यांच्यासोबत जपानी आणि इंग्रज सहकारी. दुसरं ठिकाण दक्षिण आफ्रिकेतली खाण. कॉलेजात शिकवताना हे सांगितलं की वर्गातली पोरं ताठ बसतात. औंढा नागनाथजवळ लायगोची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा मंजूर झाल्यापासून हिंगोलीकडची पोरं आणखीच प्रश्न विचारतात. चार-चार किलोमीटरचे दोन हात म्हणजे नेमकं काय, कोणाची जमीन, नोकऱ्या किती. त्यातला एखादाच विचारतो की मोजायचं काय. मी त्या एकाची वाट बघत असते.

न्यूट्रिनो इलेक्ट्रॉन, म्युऑन आणि टाऊ अशा तीन जातींचे असतात, आणि चालता चालता जात बदलतात. म्युऑन जातीचा निघालेला न्यूट्रिनो पोहोचेपर्यंत इलेक्ट्रॉन जातीचा झालेला असू शकतो. जपानच्या सुपर-कामिओकांडे या प्रयोगानं 1998 साली आणि कॅनडाच्या सडबरीतल्या प्रयोगानं त्यानंतर थोड्याच वर्षांत हे पक्कं केलं, आणि 2015 सालचं नोबेल त्यासाठी दिलं गेलं. बदल किती होईल हे एका भागाकारावर ठरतं. वर अंतर, खाली ऊर्जा. आता अमेरिकेत ‘ड्यून’ नावाचा प्रचंड प्रयोग उभा राहतोय. शिकागोजवळच्या फर्मीलॅबमधून न्यूट्रिनोंचा झोत निघणार, आणि 1300 किलोमीटरवर दक्षिण डकोटातल्या लीड गावी, जुन्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दीड किलोमीटरवर तो टिपला जाणार. त्यासाठी तिथं सुमारे आठ लाख टन खडक खोदून काढला, ते काम 2024 च्या सुरुवातीला संपलं. टिपायला द्रवरूप आर्गॉन, उणे 186 अंशांच्या आसपास थंड ठेवलेला, एकेका टाकीत सतरा हजार टन. न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो सारख्याच तऱ्हेनं जात बदलतात की वेगवेगळ्या, हे त्यातून कळेल अशी आशा आहे. विश्वात सगळं द्रव्यच का उरलं आणि प्रतिद्रव्य कुठं गेलं, या प्रश्नाचा एक धागा त्यात असू शकतो.

भागाकारातलं वरचं अंतर चोख ठाऊक आहे. खालची ऊर्जा हीच अडचण आहे.

न्यूट्रिनोला विद्युतभार नाही, त्यामुळं त्याला चुंबकानं वळवता येत नाही, वेग देता येत नाही की गाळून एका मापाचा करता येत नाही. प्रोटॉनचा झोत एका ठोकळ्यावर आदळवायचा, त्यातून पायॉन नावाचे अल्पायुषी कण उडतात, ते चुंबकानं एका दिशेला धरायचे, आणि ते वाटेत मोडतात तेव्हा न्यूट्रिनो निघतात. कुठला न्यूट्रिनो किती ऊर्जेचा निघाला हे कोणीच सांगू शकत नाही. ओळीत उभ्या पोत्यांवर चिठ्ठीच नाही. एखादा न्यूट्रिनो आर्गॉनच्या केंद्रकावर आदळला की जे तुकडे बाहेर पडतात, तेवढ्यांवरून मागं जाऊन त्याची ऊर्जा काढावी लागते.

हे करायच्या दोन पद्धती आहेत, आणि मला त्या आजीच्या पायलीत आणि अण्णांच्या काट्यात दिसतात. आजी धान्य पायलीनं मापायची. पायली भरली की तिच्या हिशेबात धान्य अमुक इतकं. दाणा ठोसर आहे, कोरडा आहे, हे तिनं गृहीत धरलेलं असायचं. पाण्याच्या टाक्यांतले डिटेक्टर, म्हणजे कण टिपणारी यंत्रं, असंच करतात. त्यांना टकरीतून निघालेला इलेक्ट्रॉन किंवा त्याचा जड भाऊ म्युऑन दिसतो, त्याचा कोन आणि त्याची ऊर्जा कळते. मग असं धरायचं की न्यूट्रिनो केंद्रकातल्या एकाच न्यूट्रॉनवर सरळ आपटला आणि एक प्रोटॉन उडाला, आणि त्या गृहीतकावर न्यूट्रिनोची ऊर्जा काढायची. टक्कर खरंच तशी झाली असेल तर उत्तर बरंच जवळ येतं. दुसरी पद्धत काट्याची. आर्गॉनच्या डिटेक्टरमध्ये निघालेले बहुतेक सगळे कण दिसतात, म्हणून सगळ्यांची ऊर्जा बेरीज करायची.

पण सांडतं. केंद्रकातून न्यूट्रॉन निसटला तर त्याला भार नसल्यानं तो बहुधा दिसतच नाही. पायॉन तयार होऊन केंद्रकाच्या आतच शोषला गेला तर बाहेर त्याचा मागमूस राहत नाही. उडालेला प्रोटॉन बाहेर येता येता शेजाऱ्यांना धडकतो आणि ऊर्जा वाटत जातो. केंद्रक काही ठोसर दाणा नव्हे. आतले प्रोटॉन-न्यूट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपासच्या वेगानं सतत हिंडत असतात. त्यातले सुमारे वीस टक्के कुठल्याही क्षणी एकमेकांना अगदी बिलगून जोडीनं असतात, आणि या जोड्या बहुतेक करून प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या असतात. एकाला धक्का बसला की दुसराही उडतो. प्रोटॉन दिसला तर आपण म्हणतो सापडला, आणि त्याच वेळी त्याचा जोडीदार न्यूट्रॉन अंधारातून ऊर्जा घेऊन निघून गेलेला असतो.

मग शास्त्रज्ञ कडता लावतात. संगणकावर टकरींचं मॉडेल चालवतात. अशा टकरीत सरासरी किती न्यूट्रॉन निसटतात, किती पायॉन आत जिरतात, याचा अंदाज मॉडेल देतं, आणि तेवढं मोजलेल्या ऊर्जेत परत मिळवायचं. मोंढ्यात वजा करत, इथं मिळवतात, पण हिशेब तोच. दोन किलो की सव्वा, हा प्रश्नही तोच. कारण मॉडेल न्यूट्रिनोंच्या मापनांवर जुळवायचं, आणि न्यूट्रिनोंची ऊर्जा मॉडेलनं काढायची, असं सुरू झालं तर काटा तपासायला काट्याशिवाय काही उरतच नाही.

काही विद्यार्थी विचारतात की झोत निघतो तिथंच एक डिटेक्टर बसवून, मग दूरच्या डिटेक्टरशी तुलना करून चूक कटवता येत नाही का. प्रश्न चांगला आहे आणि तसा डिटेक्टर बसवतातही. पण वाटेत न्यूट्रिनो जात बदलतात आणि हा बदल ऊर्जेप्रमाणं कमीजास्त होतो. म्हणून जवळ जी ऊर्जांची वाटणी दिसते ती दूर दिसत नाही, आणि कडत्यातली चूक दोन्हीकडं सारखी राहत नाही. जवळची वजाबाकी दूर लागू पडत नाही. चूक मग थेट जात बदलण्याच्या प्रमाणात शिरते.

2021 च्या नोव्हेंबरात ‘नेचर’मध्ये आलेला तो शोधनिबंध मी कॉलेजातल्या स्टाफरूमच्या खिडकीशी बसून वाचला. कल्पना अशी. न्यूट्रिनोची ऊर्जा आधी माहीत नसते, पण इलेक्ट्रॉनची असते. इलेक्ट्रॉनला भार आहे, त्याला यंत्रानं हवी तेवढी ऊर्जा देऊन सोडता येतं. मग इलेक्ट्रॉन केंद्रकावर आदळवा, निघालेले तुकडे मोजा, आणि क्षणभर विसरून जा की झोताची ऊर्जा तुम्हाला ठाऊक आहे. न्यूट्रिनोसाठी वापरता तीच पद्धत वापरून ऊर्जा काढा. मग डोळे उघडून बघा, जेवढी दिली होती तेवढीच निघाली का.

वीसचं वजन पारड्यात टाकून बघायचं. अण्णा रोज सकाळी जे करत तेच.

त्यातही मला सगळ्यात भावली ती आकडेवारीची गोष्ट. ही माहिती नव्यानं गोळा केलेली नव्हती. व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूज गावी जेफरसन लॅब आहे. तिथं ‘क्लास’ नावाचा डिटेक्टर होता, संत्र्याच्या फोडींसारखे सहा भाग, मधोमध लक्ष्य, जवळजवळ सगळ्या बाजूंनी कण टिपणारा. 1999 साली त्यात इलेक्ट्रॉनचे झोत हेलियम, कार्बन आणि लोखंडावर सोडले होते. झोतांच्या ऊर्जा होत्या 1.159, 2.257 आणि 4.453 जीईव्ही (कणांची ऊर्जा मोजायचं एकक). ते प्रयोग वेगळ्याच कारणांसाठी झाले होते, पण नोंदी जपून ठेवल्या होत्या. तो डिटेक्टर 2012 साली निवृत्तही झाला. पुढं एमआयटी, ओल्ड डोमिनियन विद्यापीठ, तेल अवीव विद्यापीठ वगैरे ठिकाणच्या गटानं त्या जुन्या नोंदी काढून हा नवा प्रश्न त्यांना विचारला. मुख्य काम मारियाना खचातर्यान आणि अफ्रोदिती पापादोपुलू या दोन पीएचडी विद्यार्थिनींनी केलं. माझ्या मुलीच्याच वयाच्या असतील म्हणा ना. जुनी वही कोणीतरी जपली, म्हणून वीस-बावीस वर्षांनी दुसऱ्या कोणाला त्यात उत्तर सापडलं. बाजार समितीतल्या जुन्या तोलपट्ट्या मी रद्दीत जाताना पाहिल्या आहेत, त्यामुळं हे मला फार मोलाचं वाटतं.

निवडल्या त्याही सगळ्यात सरळ दिसणाऱ्या टकरी. एक इलेक्ट्रॉन, एक प्रोटॉन, आणि एकही पायॉन नाही. म्हणजे ज्यात सांडलवंड कमीत कमी असावी अशी पोती. निकाल असा आला की एवढ्या साध्या टकरींतही थोड्याच ठिकाणी झोताची खरी ऊर्जा परत मिळाली. बाकीच्यांत उत्तर कमी भरत होतं, कधी थोडं, कधी पुष्कळ. केंद्रक जड होत गेलं, ऊर्जा वाढत गेली, तसतशी तूट वाढली. कार्बनपेक्षा लोखंडात जास्त, 1.159 पेक्षा 4.453 ला जास्त.

तूट असणं हे धक्कादायक नव्हतं, सांडणार हे ठाऊकच होतं. खरा मुद्दा पुढचा. जगभर वापरली जाणारी मॉडेलं ही तूट बरोबर सांगत होती का? ढोबळ आकार जमला, पण आकडे जुळले नाहीत. आणि किती जुळले नाहीत हे झोताच्या ऊर्जेप्रमाणं बदलत गेलं. एका ऊर्जेला मॉडेल बरं, दुसऱ्या ऊर्जेला वाईट. हे सगळ्यात वाईट, कारण सगळीकडं सारखीच चूक असती तर एक ठरावीक आकडा लावून भागलं असतं. ड्यूनच्या 1300 किलोमीटरला जात बदलण्याचा सगळ्यात मोठा जोर अडीच जीईव्हीच्या आसपास पडतो. क्लासमधला 2.257 चा झोत जवळपास तिथलाच. म्हणजे जिथं सगळ्यात चोख तोल हवा तिथलीच ही तपासणी.

मी तो निबंध घरी आणला आणि अण्णांना सांगायला बसले. अण्णा ऐंशीच्या घरात आहेत, चौथीपर्यंत शिकलेत, नजर अधू झालीय. न्यूट्रिनो हा शब्द मी वापरला नाही. मी म्हणाले, अशी पोती आहेत की ज्यांचं वजन आधी कळायचा मार्गच नाही, आणि तोलताना दाणे सांडतात, काही तर दिसतही नाहीत. मग कडता लावतात. मग काही लोकांनी ठाऊक वजनाची पोती त्याच काट्यावर घातली.

“मग?”

“कडता चुकला.”

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “पर ठाव असलेलं पोतं आन् ठाव नसलेलं पोतं, माल एकच हाय का?”

मी चाट पडले. हाच प्रश्न या क्षेत्रातली माणसं एकमेकांना विचारतात.

माल अर्धा एक आहे. इलेक्ट्रॉन केंद्रकाला विद्युतचुंबकीय बलानं धक्का देतो, न्यूट्रिनो क्षीण बलानं. क्षीण बलाच्या धक्क्याचे दोन भाग असतात. एक भाग इलेक्ट्रॉनच्या धक्क्यासारखाच. दुसरा, ज्याला अक्षीय म्हणतात, इलेक्ट्रॉनच्या या टकरींत दिसतच नाही. शिवाय इलेक्ट्रॉनला हलके धक्के फार आवडतात. जोराच्या धक्क्यांपेक्षा हळू धक्के कैक पटीनं जास्त घडतात, तर न्यूट्रिनोत तसा कल नसतो. म्हणून त्या गटानं प्रत्येक टकरीला धक्क्याच्या जोरानुसार वजन देऊन आकडेवारी न्यूट्रिनोच्या चालीवर आणून ठेवली. अक्षीय भागासाठी मात्र न्यूट्रिनोंचीच मापनं लागतील, नाहीतर कागदावरचं सूक्ष्म गणित. इलेक्ट्रॉन ते सांगणार नाही.

पण उरलेला अर्धा तोच आहे आणि तो मोठा आहे. धक्का कोणीही दिला तरी केंद्रक तेच. आतली धावपळ तीच, जोड्या त्याच, बाहेर पडताना होणाऱ्या धडका त्याच. न्यूट्रॉन सांडायचा तर दोन्हीकडं तसाच सांडणार. जे मॉडेल इलेक्ट्रॉनची तूट सांगू शकत नाही, ते न्यूट्रिनोची बरोबर सांगतं असं म्हणायला काही आधार राहत नाही. आणि इलेक्ट्रॉनच्या टकरी न्यूट्रिनोच्या तुलनेत इतक्या सहज घडतात की थोड्या दिवसांत ढीगभर माहिती जमते. केंद्रकाचा आकार आणि आतली वाटणीसुद्धा आपल्याला इलेक्ट्रॉननंच दाखवली. स्टॅनफर्डला रॉबर्ट हॉफस्टॅडर यांनी 1950 च्या दशकात ते केलं आणि 1961 चं नोबेल त्यांना मिळालं. सत्तर वर्षांची ओळख असलेला साक्षीदार आहे हा.

हे मी अण्णांना माझ्या परीनं सांगितलं, की ज्वारीच्या पोत्यावर काटा तपासला म्हणून तुरीचं मातेरं कळणार नाही, पण काट्याचा हात वाकडा असेल तर तो ज्वारीवरही कळेल. त्यांनी मान हलवली. “हात वाकडा हाय म्हणायला तेवढं बस.”

मला या कामात काय भिडतं ते सांगते. न्यूट्रिनोच्या प्रयोगांवर अब्जावधी डॉलर लागलेत, हजारो माणसांची उमेद लागली आहे. जुळतंय बहुतेक, पुढं चला, असं म्हणायला कोणाचाही मोह झाला असता. त्याऐवजी काही जणांनी काटा थांबवला. शेतकरी, व्यापारी, हमाल सगळे उभे असताना. आणि ज्यांचा काटा वाकडा निघाला त्यांनी काटा थांबवणाऱ्यांना पुढच्या हंगामाला बाहेर ठेवलं नाही. मॉडेलं लिहिणारी मंडळी आज त्या आकड्यांवर मॉडेलं दुरुस्त करतायत. जेफरसन लॅबच्या नव्या ‘क्लास-12’ डिटेक्टरमध्ये 2021-22 साली नव्यानं प्रयोग झाले, त्यात आर्गॉनचंही लक्ष्य होतं, म्हणजे ड्यूनच्या टाकीत जे असणार तेच. मी अण्णांच्या त्या एका हंगामाचा विचार करते आणि मला हे वाचून बरं वाटतं.

गेल्या महिन्यात ते दाराचं वजन मी कॉलेजात नेलं. बीएससीच्या पोरांना चूक आणि अनिश्चितता शिकवायची होती. प्रयोगशाळेत पाच ग्रॅमपर्यंत दाखवणारा एक नवा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. पोरांनी वजन उचलून वर ठेवलं. आकडे थोडे हलले आणि थांबले. 19 किलो 960 ग्रॅम. पुन्हा ठेवलं, तेच. फिरवून ठेवलं, तेच. चाळीस ग्रॅम कमी.

संध्याकाळी घरी येऊन अण्णांना सांगितलं. ते ओसरीवर बसलेले. वजन मी त्यांच्या पायाशी ठेवलं. त्यांनी वाकून खालचं शिसं अंगठ्यानं चाचपलं, मग कडीवरून, मग कडांवरून बोट फिरवलं. एका कोपऱ्याला गंजून टवका उडालेला आहे, तिथं बोट थांबलं.

“चाळीस?”

“हो.”

“वजनात कमी हाय का काट्यात?”

मी म्हणाले, तेच तर कळत नाही. टवका उडालाय म्हणजे वजन घटलेलं असणार. पण काटाही कधी तपासून घेतलेला नाही, आणल्यापासून तसाच वापरतोय.

त्यांनी वजन पायानं थोडं बाजूला सारलं.

“एका वजनावर कसं सांगावं? मोंढ्यात जाय सकाळी. जुनं कोणाकडं तरी असंल पडलेलं. दहाचं, पाचचं, जे मिळंल ते. दोन-तीन घेऊन ये.”